औषध लागू पडलं, पण हात बांधले त्याचं काय?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): सत्तरी तालुक्यातली एक तरुणी, पणजीत नोकरी करते. मोठ्या भावाला बायपोलरचा (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याच्या आजाराचा) त्रास आहे. चतुर्थीच्या आधी त्याची झोप पार उडाली, रात्री बाइक घेऊन कुठेही जायचा, दुकानातले पैसे वाटायला लागला, आईवर धावून गेला. देवळात कौल लावून झाला, मग कुणीतरी ओळखीच्यानं सांगितलं म्हणून एका खासगी इस्पितळात ॲडमिट केलं, सही आईने केली. बारा दिवस तो आत होता, त्यातले पहिले पाच दिवस ना भेट ना फोन. घरी आला तेव्हा डोकं भादरलेलं आणि दोन्ही मनगटांवर वळ. हळूहळू त्याने सांगितलं की पहिल्या दोन रात्री खाटेला बांधून ठेवलं होतं, बाथरूमला जायचंय म्हणून हाका मारल्या तर कुणी आलं नाही, शेवटी कपड्यांतच झालं आणि सकाळी वॉर्डबॉय हसले. कसलं इंजेक्शन दिलं ते ना त्याला सांगितलं ना घरच्यांना. आता तो बरा आहे, दुकानात बसतो. बहिणीला तक्रार करायची आहे. भाऊ म्हणतो "सोड गो". आई म्हणते, बरा झाला ना, उपकार मानायचे सोडून तक्रार कसली, आणि उद्या परत न्यायची वेळ आली तर? शिवाय हिचं लग्न जुळायचंय, गावात बोभाटा नको. तिचे प्रश्न: तक्रार करू की नको, कुठे करू, आणि अशा माणसाच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार?

---

बाय,

तुझ्या चार पानी पत्रात आई काय म्हणते ते आहे, मावशी काय म्हणते ते आहे, तुझा राग तर ओळीओळीत आहे आणि तो रास्त आहे. पण दादाचे शब्द दोनच, "सोड गो". म्हणजे ज्याच्या अंगावर हे सगळं झालं त्याचंच म्हणणं सगळ्यांत कमी. म्हणून कायद्याकडे नंतर येऊ, आधी हे बघूया की ही तक्रार नक्की कुणाची आहे.

"सोड गो" चे अर्थ बरेच असू शकतात. मला आता त्रास नको, हा एक. मला लाज वाटते, कपड्यांत झालं ते परत कुणाला सांगायचं नाही, हा दुसरा. तुम्हीच मला तिथे सोडून आलात आणि आता तुम्हीच तक्रार करणार, हा तिसरा, आणि हा तो तोंडाने कधीच बोलणार नाही. किंवा खरंच त्याच्या मते विषय संपला असेल. यातलं कुठलं ते तुला माहीत नाही, मलाही नाही, त्याला विचारल्याशिवाय कळणारही नाही. विचारताना "आपण तक्रार करूया का" असं विचारू नको, त्याचं उत्तर "नको" असंच येणार. दुकान बंद करून दोघं निवांत बसलेले असताना, आई जवळपास नसताना, एवढंच विचार की त्या दोन रात्रींतलं तुला सगळ्यांत जास्त काय लागलं? मग गप्प बस. त्याला बोलू दे. कदाचित तो बांधण्याबद्दल बोलणारच नाही, हसण्याबद्दल बोलेल. किंवा केसांबद्दल. तो जे बोलेल ती तक्रार. तुझ्या डोक्यात जी आहे ती कदाचित वेगळी असेल.

हे फक्त भावनेपोटी सांगत नाहीये. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, जो 29 मे 2018 पासून लागू झाला, त्याच्या कलम 28 मध्ये इस्पितळाच्या सेवेत त्रुटी असल्याची तक्रार करायचा हक्क दोघांनाच दिलाय, स्वतः पेशंटला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्यातर्फे बोलणाऱ्या माणसाला. कुणालाच नेमलेलं नसेल तर कायदा नातेवाइकाला प्रतिनिधी धरतो, पण सही आईची आहे, त्यामुळे बहीण म्हणून आपोआप तुलाच तो हक्क मिळेल असं नाही. दादाने तुला प्रतिनिधी नेमलं तर मात्र मिळतो, आणि त्याला वकील, स्टॅम्प पेपर काही लागत नाही, साध्या कागदावर लिहून त्याने सही केली की झालं. आता तो बरा आहे, व्यवहार सांभाळतोय, म्हणजे हा निर्णय घ्यायला तो पूर्ण समर्थ आहे. आजाराचं नाव कागदावर लागलं म्हणून माणसाची निर्णय घ्यायची ताकद गेली असं हा कायदा मानत नाही.

आता आईचं म्हणणं. "बरा झाला ना?" हो, झाला. औषध लागू पडलं, झोप लागायला लागली, त्यासाठी डॉक्टरांना मान द्यायलाच हवा आणि तक्रारीतही ते लिहायला हरकत नाही. पण बाळंतपण सुखरूप झालं म्हणून लेबर रूममध्ये नर्सनं मारलेली थोबाडीत माफ होते का? उपचार चांगला झाला आणि वागणूक वाईट मिळाली, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आणि तू चिडणार नसशील तर आणखी एक सांगते, आईच्या "उपकार मान" मागे भीती आहेच पण थोडं अपराधीपणही असेल. सही तिची आहे. तक्रार झाली की आपण मुलाला कुठे ढकललं हे तिला स्वतःपुढे मान्य करावं लागेल. तिला एवढंच सांग की त्या रात्री तू जे केलंस ते त्याला वाचवायला केलंस, दरवाजा बंद झाल्यावर आत काय झालं त्याची जबाबदारी तुझी नाही. हे तिला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवंय असं मला वाटतं.

मग आत जे झालं ते कायद्यात बसतं का? इथे जरा सावकाश जाऊ कारण सगळंच काळंपांढरं नाहीये.

बांधणं सरसकट बेकायदेशीर नाही. कलम 97 म्हणतं की पेशंटला किंवा दुसऱ्या कुणाला लगेच इजा होण्याचा धोका असेल, आणि तो टाळायला दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल, तर तेवढ्यापुरतं बांधता येतं. पण मग अटी आहेत. मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी हवी. कसं बांधलं, का, किती वेळ, हे केस पेपरवर लिहायला हवं. बांधलेल्या माणसावर सतत देखरेख हवी. प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायला हवं. दर महिन्याला अशा सगळ्या घटना पुनरावलोकन मंडळाला (पेशंटच्या तक्रारी ऐकणारं मंडळ, त्याबद्दल पुढे सांगते) कळवायच्या असतात. शिक्षा म्हणून बांधायचं नाही आणि, हे महत्त्वाचं, स्टाफ कमी आहे म्हणून बांधायचं नाही. रात्रपाळीला दोनच माणसं होती हे कारण चालत नाही. दादा पहिल्या रात्री हाताबाहेर गेला असेल, शक्य आहे, तू स्वतः लिहिलंयस की तो आईवर धावून गेला होता. पण बाथरूमसाठी हाका मारणाऱ्या माणसाजवळ रात्रभर कुणी फिरकलं नाही याला देखरेख म्हणत नाहीत.

डोकं भादरण्याच्या बाबतीत तर कुठलं जर-तरच नाही. जबरदस्तीने केस काढायचे नाहीत असं कलम 20 मध्ये शब्दशः लिहिलंय, त्याच कलमात स्वच्छता, खासगीपणा, स्वतःचे कपडे घालायची मुभा हे सगळं आहे. भेट आणि फोनचा हक्क कलम 26 मध्ये आहे, मात्र इस्पितळाच्या वेळा आणि नियम पाळून, त्यामुळे "सकाळी नाही, चार नंतर या" हे ते म्हणू शकतात, पाच दिवस सलग काहीच नाही याचा खुलासा मात्र त्यांना द्यावा लागेल. आणि औषध कुठलं, त्याचे परिणाम-दुष्परिणाम काय, हे पेशंटला आणि प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत सांगायचं असतं, ते कलम 22.

हे सगळं कायद्यात उगाच आलेलं नाही. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला एका आश्रमाला आग लागली, आतले पेशंट साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळताच आलं नाही, 28 माणसं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. आजच्या कायद्यात साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी आहे.

तू पाठवलेला डिस्चार्ज कार्डचा फोटो मी दोनदा मोठा करून बघितला. निदान, पाच औषधांची नावं, "पेशंट इम्प्रूव्हड", पुढची तारीख. बांधल्याचा उल्लेख नाही. पण त्यावरून निष्कर्ष काढू नको, डिस्चार्ज कार्ड हा सारांश असतो, खरी माहिती आतल्या केस पेपरात, नर्सिंग नोट्समध्ये असते. म्हणून पहिलं काम तक्रार नव्हे, पहिलं काम केस पेपर. दादाच्या सहीने एक साधा अर्ज करा, माझ्या ॲडमिशनचे पूर्ण वैद्यकीय रेकॉर्ड द्या, नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, बांधल्याच्या नोंदी सकट. कलम 25 खाली त्याचा हक्क आहे, आणि डॉक्टरांसाठीचे 2002 चे जे आचारसंहिता नियम आहेत त्यात रेकॉर्ड मागितल्यावर 72 तासांत द्यायचं म्हटलंय. एखादा भाग वाचून पेशंटच्या मनावर गंभीर परिणाम होईल असं डॉक्टरांना वाटलं तर तो रोखून धरता येतो, पण मग मंडळाकडे जायचा हक्क आहे हेही त्यांनीच सांगायचं असतं. त्यात आईने कुठल्या फॉर्मवर सही केली तेही बघा, कारण पेशंटच्या मर्जीविरुद्ध ॲडमिशन असेल तर दोघांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला वेगवेगळं तपासलेलं असायला हवं आणि पुरुष पेशंट असेल तर सात दिवसांच्या आत, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, मंडळाला कळवलेलं असायला हवं. दादा तर बारा दिवस होता.

तोवर घरी एक काम करून ठेवा. मनगटांचे जे फोटो तू काढलेस ते फोनमध्येच ठेवू नको, तारखेसकट दुसरीकडे कॉपी कर, बिलं, केमिस्टच्या पावत्या, आईने रिसेप्शनला केलेले फोन कॉल लॉगमधून जातील त्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट. आणि दादाला जमेल तेव्हा त्याच्याच शब्दांत लिहून काढायला सांग, नाहीतर तो बोलेल ते तू लिही. "अमानुष छळ केला" असं लिहू नका. "दुसऱ्या रात्री जेवणानंतर दोन्ही हात कापडी पट्ट्याने खाटेच्या दांड्याला बांधले, मी तीन-चार वेळा हाक मारली, उजाडल्यावर सोडलं, तेव्हा दोघं जण हसत होते" असं लिहा. जे आठवत नाही तिथे आठवत नाही असंच लिहा. यातच तुझ्या "विश्वास कोण ठेवणार" चं उत्तर आहे. आजारी माणसाचं बोलणं उडवून लावणं सोपं असतं जेव्हा ते मोघम असतं. नुसत्या खऱ्या, छोट्या गोष्टी, तारखा, आणि समोर त्यांच्याच नोंदी, हे उडवून लावणं फार कठीण. केस पेपरात नोंद असेल तर घटना सिद्ध, नोंद नसेल तर वळ कुठून आले आणि नोंद का नाही याचं उत्तर त्यांनी द्यायचं.

तक्रार पहिल्यांदा जाते ती इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टरांकडेच. मला माहीतेय हे वाचून तुला राग येईल, चोराकडेच चोरीची तक्रार कशी! पण कायद्याचा क्रम तसा आहे आणि त्यात शहाणपणही आहे. कित्येकदा वरच्या डॉक्टरांना रात्रपाळीत काय चालतं ते खरंच माहीत नसतं. लेखी द्या, तुमच्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घ्या, घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि काय हवंय ते स्पष्ट लिहा. माफी हवी का? पैसे परत हवेत का? वॉर्डबॉयवर कारवाई हवी का? की रात्री बांधलेल्या पेशंटजवळ माणूस बसेल असा नियम हवा? हे दादाने ठरवायचं. नुसतं "न्याय हवा" लिहिलं की समोरचा "चौकशी केली, तथ्य आढळलं नाही" लिहून मोकळा.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ, लोक रिव्ह्यू बोर्ड म्हणतात. मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचा माणूस असतो, डॉक्टर असतात, आणि दोन सदस्य असे असतात जे स्वतः या आजारातून गेलेले, किंवा अशा माणसाची काळजी घेणारे, किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे लोक असतात. म्हणजे समोर सगळे पांढरे कोटच बसलेले नसतील. अर्जाला फी नाही. वकील लागत नाही, हवा असेल तर नेता येतो. अशा अर्जाचा निकाल 90 दिवसांत द्यायचा असतो, आणि नाही पटला तर 30 दिवसांत हायकोर्टात अपील, म्हणजे आपल्याकडे पर्वरीला. मंडळाच्या उत्तरानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही जाता येतं.

मंडळाचा पत्ता शोधायचा कुठे? खरं तर तो त्या इस्पितळात दर्शनी भागात लावलेला असायला हवा, फोन नंबरसकट, आणि पेशंटला तिथून मंडळाला फोन फुकट करू द्यायचा असतो. तुम्हाला बारा दिवसांत असा बोर्ड दिसला का? नसेल दिसला तर तक्रारीत तीही एक ओळ घाला. पत्ता आणि फुकट कायदेशीर मदत दोन्हीसाठी विधी सेवा प्राधिकरणाला 15100 वर फोन कर. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला फुकट वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही.

(ज्यांचं माणूस आत्ता, या क्षणी आत आहे आणि असं काही चाललंय त्यांनी एवढं सगळं करत बसू नये. आतला पेशंट अडचणीत असेल तर मंडळ त्याचा तोंडी किंवा फोनवरचा अर्जसुद्धा घेऊ शकतं. मर्जीविरुद्ध ॲडमिट केल्याला आव्हान दिलं असेल तर पहिल्या टप्प्यात सात दिवसांत निकाल द्यायचा असतो.)

बाकीचे मार्ग थोडक्यात. डॉक्टरच्या वागण्याबद्दल गोवा मेडिकल कौन्सिल, पण वॉर्डबॉय त्यांच्या कक्षेत येत नाहीत. पैसे भरून घेतलेली सेवा असल्यामुळे ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांची मुदत, आणि पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. मारहाण झाली असेल तर पोलीस. सरकारी इस्पितळाबद्दल तक्रार असलेल्यांना माहिती अधिकार आहेच. हे सगळं एकदम सुरू करू नको गं, दमशील आणि दादाला त्याच गोष्टी पाच ठिकाणी सांगाव्या लागतील.

गावात कळेल ही भीती. मंडळाचं कामकाज बंद दाराआड चालतं, पेपरात येत नाही, बाहेरच्याला बसता येत नाही. बोभाटा होतो तो दुसरीकडून. तू लिहिलंयस की एकदा सगळं फेसबुकवर टाकून मोकळं व्हावंसं वाटतं, मनगटांच्या फोटोसकट. कृपा करून नको. ते मनगट त्याचं आहे. उद्या दुकानात येणारं गिऱ्हाईक त्याच्या हाताकडे बघेल. त्याने स्वतः टाकलं तर गोष्ट वेगळी.

आणि आईचा खरा प्रश्न, परत न्यायची वेळ आली तर? हा प्रश्न मी हलका घेत नाही, बायपोलरमध्ये ती वेळ येऊ शकते. पण त्याच इस्पितळात न्यायला हवं असं कुठे आहे? बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचाराची ओपीडी आहे. तक्रार द्यायच्या आधीच पुढचा डॉक्टर ठरवून टाका, एकदा जाऊन केस पेपर काढून या, म्हणजे आईची भीती निम्मी होईल आणि औषधांत खंड पडणार नाही. रागाच्या भरात त्या डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही, बदल करायचा तो नवीन डॉक्टरांना विचारूनच. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलि-मानस 14416, फुकट आहे, तूही करू शकतेस, फक्त पेशंटनेच करायचा असं नाही.

याच्याही पुढे जाऊन दादाला आगाऊ निर्देशाबद्दल सांग. माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो की मला पुन्हा त्रास झाला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि निर्णयात माझ्यातर्फे कोण बोलेल. इमर्जन्सीच्या उपचारांना ते लागू होत नाही हे खरं, पण पुढच्या बारा दिवसांत काय होईल यात त्याचा शब्द राहतो. मला विचारशील तर तक्रारीपेक्षा याचा दादाला जास्त धीर वाटेल. तक्रार झालेल्या गोष्टीची, हा कागद पुढच्या वेळेचा.

लग्नाचं तू फक्त एका ओळीत लिहिलंस म्हणून मीही एका ओळीत सांगते. दादाचा आजार लपवून जुळवलेलं लग्न तुलाच आयुष्यभर सांभाळावं लागेल, त्याचा या तक्रारीशी संबंध लावू देऊ नको.

आणि समजा हे सगळं बोलून झाल्यावर, सगळं समजून उमजून, दादा म्हणाला की नाही, मला नाही करायची. मग त्याच्या नावाने करायची नाही. नाही म्हणायचा हक्कही त्याचाच, त्या दोन रात्री तो कुणी मानला नव्हता, निदान तू मान. पण तुझे हात पूर्ण बांधले जात नाहीत. इस्पितळ किमान दर्जा पाळत नाही अशी तक्रार राज्य प्राधिकरणाकडे कुणीही माणूस करू शकतो, त्यावरून ते तपासणी लावू शकतात. त्यात दादाचं नाव, तारीख, आजार काहीच द्यायची गरज नाही: रात्री पुरेसा स्टाफ नसतो, मंडळाचा पत्ता लावलेला नाही, पेशंटची डोकी भादरली जातात, बांधलेल्या पेशंटजवळ कुणी नसतं, हे तपासा. एवढं पुरे. फक्त त्या तक्रारीवरून बोट त्याच्याकडे जाणार नाही ना हे पाठवण्याआधी त्याला एकदा वाचून दाखव.

केस पेपरचा अर्ज मात्र, तक्रारीला तो हो म्हणो की नाही, याच आठवड्यात त्याच्याकडून सही करून टाका. पुढे कधी त्याचा विचार बदलला तर कागद हाताशी हवेत.

तुझी,
ताई